कोनता हौ?

आमच्या घरात कोणी 'हौ' म्हटलं की माय लगेच विचारायची, "कोनता?" बाहेरच्या माणसाला हा प्रश्न कळत नाही. लग्न होऊन सौंसरला आले तेव्हा मी नवऱ्यालाही तसंच विचारायची आणि तो चिडायचा. "हौ म्हनजे हौ. त्यात कोनता का?" असं त्याचं म्हणणं. तो बाजाराच्या गावात वाढलेला. त्याच्याकडे एकच हौ होता आणि तेवढ्यावर त्याचं भागत होतं. आमच्या सावरखाप्यात मात्र दोन होते. एक ऐकण्याचा. कोणी बोलायला लागलं, की ऐकणाऱ्यानं दर वाक्याला हौ म्हणत राहायचं. मी जागा आहे, तुझं बोलणं पोचून राहिलं, पुढे चल, एवढाच त्याचा अर्थ. याला आम्ही हुंकारी म्हणायचो. दुसरा हौ देण्याचा. शब्द देताना, मुलगी देताना, बैल विकताना माणूस म्हणतो तो. कानाला दोन्ही सारखेच लागतात. फरक असतो तो म्हणणाऱ्याच्या पोटात, आणि पोटातलं दिसत नाही, म्हणून माय विचारून घ्यायची.

मायचा स्वभावच संशयी होता आणि तो माझ्यात जसाच्या तसा उतरला. आजही औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या की मी पाकीट उजेडात धरून बघते, आणि दुकानदार ओळखीचा असला तर जास्तच बघते. मायचं तसं होण्याला कारण होतं. तिचं माहेर एका तलावाखाली गेलं होतं. ती लहान असताना तिच्या गावात कोणी साहेब आला, झाडाखाली बसून काहीबाही बोलला, माणसांनी माना हलवल्या, आणि पुढच्या काही वर्षांत गावात पाणी शिरलं. आपण नेमकं कशाला मान हलवली हे तिच्या बापाला मरेपर्यंत समजलं नाही. त्यामुळे माय कोणाच्या हातचा गूळ घेतला तरी आधी वास घ्यायची. कासार बांगड्या भरायला आला तर त्याची पेटी तळापर्यंत उपसून बघायची आणि मग एकच जोडी भरायची. बाबा म्हणायचे, "हिले देव भेटला तर त्याच्या पायाची मातीई नख लावून पाहीन." माय म्हणायची, "पाहीनच ना. देव हाये तर भेते कायले?"

गाव डोंगराच्या कुशीत. पांढुर्ण्याच्या बाजाराला जायचं तर आधी सडकेपर्यंत पायी, मग बस. वारा तिकडून असला की तिगावकडून जाणाऱ्या गाडीचा आवाज यायचा, आणि मोठी माणसं त्या आवाजावर कामं सोडायची. बाबा हंगामात सौंसरकडच्या बगीच्यांत संत्रं तोडायला जायचे आणि येताना डागी संत्री धोतराच्या ओच्यात आणायचे. साली आम्ही छपराच्या कवेलूंवर वाळत घालायचो आणि पावसाळ्यात चुलीत टाकायचो, म्हणजे डास पळायचे आणि घरभर तो कडवट गोड वास राहायचा. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, आणि मोह पडायच्या दिवसांत खापरावर भाजलेली मोहफुलं. ती गरम असतानाच खायची, गार झाली की दातांना चिकटतात. घराच्या मागे काळी टेकडी. तिचा दगड खरंच काळा, हातात घेतला की बोटांना काजळ लागल्यासारखं होतं. माय तो दगड उगाळून भिंतीच्या खालच्या अंगाला काळा पट्टा ओढायची. टेकडीच्या पायाशी झिरा होता, दगडांतून पाझरणारं पाणी साठतं तो खड्डा. उन्हाळ्यात विहिरी आटल्या तरी झिरा आटत नसे. गावाची गुरं टेकडीवर चरायची आणि गाव झिऱ्याचं पाणी प्यायचं. दगडात मँगनीज आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांना ठाऊक होतं.

घरात आमच्याबरोबर मोठबा राहायचा. बाबांचा मोठा भाऊ. बायको लवकर गेली, पोटी एक लेक, ती लग्न होऊन तिगावकडे. त्याला गोंडी चांगली यायची. आम्हा पोरांपर्यंत त्यातली फक्त नाती आणि शिव्या पोचल्या. आमच्यात धाकट्या भावाची बायको आणि मोठा दीर, म्हणजे भावसून आणि भासरा, एकमेकांशी बोलत नाहीत. माय लग्न होऊन आल्यापासून मोठबाशी सरळ एक शब्दही बोलली नव्हती. जे काही असेल ते माझ्यामार्फत. दोघं एकाच ओसरीवर बसलेली असायची, मध्ये मी. "सगुणे, त्याइले इचार, भाकर वाढू का?" मोठबा ते ऐकत असायचाच, पण मी विचारेपर्यंत थांबायचा. मग म्हणायचा, "हौ." माय मला म्हणायची, "इचार, कोनता?" भाकरीच्या बाबतीतसुद्धा.

मोठबाची गावात एक जागा होती. त्याच्यासारखी हुंकारी कोणाला देता यायची नाही. दिवाळीनंतर परधान यायचा, आपलं तंतुवाद्य घेऊन, आमच्या कुळांच्या जुन्या कथा गायला. परधान समोर कोणाला बसवायचा, तर मोठबाला. मोठबाचा हौ प्रत्येक ठिकाणी वेगळा पडायचा. राजा रानात निघाला की हलका, भावांचं भांडण लागलं की खोल, आणि कोणी मेलं की नुसता श्वास. परधान म्हणायचा, हा म्हातारा नसला तर माझ्या तोंडून कथा निघत नाही. मोठबाला दुसरं काही फार येत नव्हतं. शेतीत तो बाबांच्या मागे होता, हिशोबात मायच्या. पण गावात कोणी बोलायला उभं राहिलं, की सगळ्यांचे डोळे हुंकारीसाठी त्याच्याकडे वळायचे. त्याची सगळी शान त्या एका अक्षरात होती.

मी पांढुर्ण्याच्या वसतिगृहात राहून दहावीची परीक्षा दिली आणि घरी आले, त्या उन्हाळ्यात कोतवालानं दवंडी दिली, की ग्रामसभा आहे आणि मोठे साहेब येणार आहेत. पंचायतीचा सचिव घागरे म्हणून होता. मोहगावचा माणूस, मोटारसायकलवर यायचा. तो घरोघर सांगत फिरला. आपला पट्टा अनुसूचित आहे, आता नवा कायदा आला आहे, गावाला विचारल्याशिवाय टेकडीला कोणी हात लावू शकत नाही. एक कंपनी दगड काढू म्हणते, साहेब त्यासाठी गावाला विचारायला येत आहेत. बाबांना हे ऐकून बरं वाटलं. मायचं उलटं झालं. ती तेंदूच्या पानांचे पुडे बांधत होती, तशीच थांबली. "आजवर कोनं इचारलं नाई," ती म्हणाली. "आताच काऊन इचारून राहिले?"

सभा शाळेसमोरच्या मोहाखाली भरली. पुरुष पुढे, बाया मागे, मी मायजवळ. साहेब छिंदवाड्याकडून आले होते, गोरे, घामेजलेले, बोलायला मऊ. त्यांची हिंदी आमच्या बाजारातल्या हिंदीसारखी नव्हती, पुस्तकातली होती. त्यांनी सुरुवात केली आणि पहिल्या वाक्यानंतर थांबले. सभेत कोणी काही बोललं नाही. पाहुणा बोलतो आहे आणि समोरून आवाज नाही, हे आमच्याकडे अपमानासारखं. मी बघितलं, गावच्या पटेलांनी मोठबाकडे नजर टाकली. मोठबानं दुपट्टा सारखा केला आणि सुरू झाला.

"गाँव तक पक्की सड़क आएगी," साहेब म्हणाले.

"हौ," मोठबा म्हणाला.

"लड़कों को काम मिलेगा."

"हौ."

"पहाड़ी से पत्थर निकलेगा, नीचे गाँव को कोई तकलीफ नहीं."

"हौ."

साहेबांना हुरूप आला. ते सभेकडे बघायचं सोडून मोठबाशीच बोलायला लागले. मोठबाही रंगला. परधानासमोर बसतो तसा पुढे सरकून बसला, सडकेला हलका हौ, दगडाला खोल हौ. शेवटी साहेबांनी विचारलं, "तो किसी को कोई आपत्ति है?" मोठबा म्हणाला, "हौ." पुढची काही पोरं हसली. खरं तर त्या हौचा सरळ अर्थ घेतला असता तर आपत्ती आहे असा झाला असता. पण साहेबही हसले, टाळी वाजली, आणि घागरे खाली मान घालून लिहायला लागला. चहा झाला. मग साहेबांनी मोठबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला जीपमध्ये बसवून घरापर्यंत आणून सोडलं. शाळेपासून आमचं घर हाकेच्या अंतरावर. सगळं गाव बघत होतं. मोठबा जीपमधून उतरला तेव्हा इतका खूश होता, की त्यानं ड्रायव्हरला रामराम केला आणि मग जीपलाही केला.

माय दारातच उभी होती. "सगुणे, त्याइले इचार, गाडीत का बोलले?"

"काई नाई," मोठबा म्हणाला. "पान खाता का म्हने."

"इचार, अजून?"

"काई नाई ना बापा. वय इचारलं."

मायनं पुढे विचारलं नाही, पण त्या संध्याकाळी तिनं त्याच्या भाकरीवर तेल टाकलं नाही.

बातमी आम्हाला पांढुर्ण्याच्या बाजारात मिळाली. कांदे विकणाऱ्या बाईनं मायला सहज विचारलं, "तुमच्या गावानं टेकडी देऊन टाकली म्हनते?" मायच्या हातातली थैली तिथंच राहिली.  गावात येईपर्यंत आमच्याआधी बातमी पोचली होती. सगळे एकमेकांना विचारत होते, कोनं देली? मी तर काही बोललो नाही, तू बोलला का? आणि मग हळूहळू सगळ्यांना एकच आवाज आठवायला लागला. ज्या पटेलांनी नजरेनं मोठबाला हुंकारी द्यायला लावली होती, तेच ओट्यावर बसून म्हणाले, "बुढा उगाच जीपीत नाई बसला." झिऱ्यावर बाया मला बघून गप्प व्हायच्या. कोणी आमच्या गुरांना आपल्या गुरांत मिसळू देईना. मोठबा ओट्यावर जाऊन बसला, की एकेक जण काही काम आठवल्यासारखा उठायचा.

मीही त्याच्यावर संशय घेतला आणि मला त्याची लाज वाटत नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी मी वसतिगृहात राहून आलेली, माणसं कशा-कशापायी विकली जातात ते थोडंफार पाहिलेली. मोठबा दुपारी झोपला की मी त्याच्या पेटीजवळ जाऊन उभी राहायची. तो जरा हसला तरी वाटायचं, कशाला हसला? एकदा मी सरळच विचारलं, "मोठबा, तू टेकडी देली का?" तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "मी कोन देनारा वं? मी त आयकून राहिलो होतो." हे तो खरं बोलतो आहे असं मला वाटलं. पण माणूस खरं बोलतो तेव्हा आणि खोटं बोलतो तेव्हा चेहरा सारखाच दिसू शकतो, हेही मला तोवर ठाऊक झालं होतं.

मायच्या मात्र डोक्यात तो शब्द बसला. आयकून राहिलो होतो. दुसऱ्या दिवशी तिनं बाबांना आणि मला घेऊन पंचायत गाठली. घागरे एकटाच होता, पंख्याखाली. बाबांनी विचारलं, तर तो म्हणाला, "तुमच्याच भावानं भर सभेत हौ म्हटलं. दर वाक्याले म्हटलं. मी का करू?"

माय पुढे झाली. "कोनता हौ?"

 घागरेनं पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"तुमी मोहगावचे ना जी?" माय म्हणाली. "तुमच्या घरी कथा सांगते तवा हुंकारी देत नाई का कोनी?"

"देते," तो म्हणाला.

"मंग?"

"साब तिकडचे. त्याइले हौ म्हनजे हाँ."

"अना तुमाले?"

 मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. साहेबाला आमची बोली येत नव्हती, त्याची चूक मला समजत होती. पण हा माणूस आमच्याच बोलीतला. त्याच्या आईनंही गोष्ट सांगताना त्याला असेच हौ म्हणायला लावून झोपवलं असणार. सभेत बसल्या बसल्या त्याला पक्कं कळत होतं, की म्हातारा नुसती हुंकारी देतो आहे. तरी त्यानं लिहिलं. तेव्हापासून मी परक्या माणसापेक्षा आपली बोली बोलणाऱ्या साहेबाच्या माणसाला जास्त भिते. आम्ही निघालो तेव्हा मात्र तो मागून हळूच म्हणाला, "गावानं सोताहून सभा बोलावली त ठराव फिरवता येते. कायद्यात हाये." आणि दाराकडे बघितलं. हे त्यानं आम्हाला का सांगितलं? पश्चात्ताप झाला, की पुढे गळ्याशी आलं तर सुटायला वाट ठेवली? वाटेत माय म्हणाली, "हा आपल्या बाजूचा नाई, त्याच्या बाजूचाई नाई. हा वाऱ्याच्या बाजूचा हाये."

बाबांनी हे गावात सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाव मोहाखाली बसलं. साहेबाला पुन्हा बोलवायचं ठरलं. पटेलांनी सांगितलं, या वेळी कोणीही हुंकारी द्यायची नाही. पोरानं नाही, बाईनं नाही, कोणी खोकायचं नाही. आणि बुढ्याला घरी ठेवायचं. मोठबा तिथंच कडेला बसला होता. त्यानं मान खाली घातली. तेव्हा माय मागून मला म्हणाली, पण इतक्या मोठ्यानं की शेवटच्या माणसाला ऐकू जावं, "सगुणे, पटेलाइले सांग. ज्याच्या तोंडून गेलं त्याच्याच तोंडून वापस येईन. घरी कोंडलं त साब म्हनन, हौ म्हननारा लपवून ठेवला." पटेलांनी मग बुढ्याला घरी ठेवायचा विषय सोडला.

आता खरी अडचण घरात होती. मोठबाला 'नाई' म्हणता येत नव्हतं. आमच्याकडे पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. द्यायचं नसलं तर 'पाहू' म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला कळतं. साहेबाला ते कळलं नसतं, त्यानं पाहूचाही हौ केला असता. माय पानांचे पुडे बांधता बांधता माझ्यामार्फत त्याला शिकवायला बसली. "सगुणे, त्याइले सांग, म्हना नाई." मोठबा तोंड उघडायचा आणि मिटायचा. "पाव्हन्याले कसं म्हनू वं?" मायनं मग जेवताना त्याच्या ताटात भाकरीवर भाकर वाढायला सुरुवात केली, की पोट भरल्यावर तरी म्हणेल. मोठबा घाम येईपर्यंत खायचा, आणि अगदीच अती झालं की उपडा पंजा ताटावर धरायचा. पुरे झालं तर आमच्याकडे असंच करतात, बोलत नाहीत. माय कपाळाला हात लावायची. "एवढा मोठा मानूस, अना तोंडात एक नाई नाई," ती मला म्हणाली. मला हसू आलं. मोठबालाही आलं, पण त्यानं ते लपवलं. गाव त्याच्याशी बोलत नव्हतं, त्यात हसणं शोभलं नसतं.

साहेब आले. सभा आधीपेक्षा मोठी भरली होती. मोठबा सगळ्यांच्या पुढे, मायच्या म्हणण्याप्रमाणे. साहेब हसून म्हणाले, आप लोगों ने फिर याद किया, अच्छा लगा, आणि थांबले. काही आवाज नाही. त्यांनी सडकेचं काढलं. थांबले. मोहावर कावळा बसला होता, त्याचाच काय तो आवाज. साहेब पुढचं वाक्य अर्ध्यात विसरले. मग सडकेचंच पुन्हा सांगितलं. पाणी मागितलं. एवढ्या माणसांसमोर एकही हौ न मिळता बोलत राहणं किती कठीण असतं, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पुढे शाळेत शिकवायला लागल्यावर ते रोजच कळलं. मी मोठबाकडे बघत होते. त्याचे ओठ हलत होते. आयुष्यभराची सवय, बोलणारा अडखळला की ती आतून ढकलत होती. त्यानं दुपट्ट्याचं टोक उचललं आणि तोंडात कोंबलं. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. मागे बसलेल्या पटेलांनी ते पाहिलं असावं, कारण त्यांनीही मान वळवली.

शेवटी साहेबांनी त्यालाच विचारलं, "बाबा, पिछली बार तो आपने हाँ कहा था. आज चुप क्यों हैं?"

 मोठबानं हात पुढे केला आणि पंजा उपडा करून समोरच्या मातीवर ठेवला. ताटावर धरतो तसाच. मागून एक बाई खुदकन हसली, मग सगळ्यांना कळलं, आणि हसू थांबलं. पुरे. वाढू नका. बाबांनी पंजा ठेवला, त्यांच्या बाजूच्यानं ठेवला, मायनं ठेवला. साहेब घागरेकडे वळले. "ये क्या है?"

तेव्हा मोठबानं तोंडातला दुपट्टा काढला. "साब," तो म्हणाला, "थो हौ आयकाचा होता. देयाचा नोहोता."

साहेबांना काहीच समजलं नाही. "क्या कह रहे हैं?"

आता सगळं गाव घागरेकडे बघत होतं. एवढीशी गोष्ट त्याच्या जिभेवर येऊन थांबली होती, टेकडी, झिरा, गुरं, आणि आमच्या मोठबाचं गावात बसणं-उठणं. तो काहीही सांगू शकला असता. साहेबाला समजलं नसतं आणि आमच्यातल्या अर्ध्यांनाही नसतं. माय त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाली, "सांगा जी. तुमी मोहगावचे."

घागरेनं कपाळ पुसलं. "सर," तो म्हणाला, "कह रहे हैं, उस दिन सुन रहे थे. हाँ नहीं कर रहे थे." मग आवाज उतरवून, "हमारे यहाँ ऐसा होता है, सर."

त्याच्या त्या 'हमारे'वर मी अजूनही विचार करते. खरंच आमच्यात आला होता, की आमचे पंजे मोजत होता? पण त्या दिवशी गावाचा नकार लिहिला गेला, पटेलांनी तो वाचून घेतला, मग मला वाचायला लावला. टेकडी राहिली. पटेल मोठबाच्या बाजूला येऊन बसले आणि त्यांनी त्याला तंबाखू मळून दिली. मोठबानं ती घेतली.

एवढ्यावर सगळं पूर्ववत व्हायला हवं होतं. गावाला तसं वाटलंही. दिवाळीनंतर परधान आला, ओसरीवर बसला, तारा जुळवल्या आणि नेहमीसारखं मोठबाला समोर बसवलं. राजा रानात निघाला. परधान थांबला. मोठबा त्याच्याकडे बघत होता, ऐकत होता, डोळे तसेच होते, पण तोंड मिटलेलं. परधानानं ती ओळ पुन्हा गायली. दुसऱ्या कोणाला मध्येच हौ म्हणायचा धीर झाला नाही, मोठबा समोर असताना कोण म्हणणार? थोड्या वेळानं परधानानं वाद्य कापडात गुंडाळलं. मायनं त्याला पीठ आणि डाळ दिली. तो पुन्हा एकदोनदा आला असेल, मग यायचा बंद झाला. मोठबाला मी विचारलं, तर म्हणाला, "कोनाच्या हौचं का होईन, आता का भरोसा?" त्यानंतर तो भाकरीलाही हौ म्हणाला नाही. हवी असली की ताट पुढे करायचा, नको असली की पंजा.

कधी कधी मला आणखी एक शंका येते आणि ती मी मायलाही कधी बोलून दाखवली नाही. पहिल्या सभेत, साहेब पुढ्यात बसून खास त्याच्याशी बोलत असताना, मोठबाच्या पोटात नेमका कोणता हौ होता? ऐकण्याचाच होता, हे त्याला तेव्हाच ठाऊक होतं, की आम्ही सांगितल्यावर झालं? आता आमच्याकडच्या सभांमध्ये मोबाइल धरून चित्रण करतात. मी सौंसरहून सभेपुरती जाते, मागे बसते. मागच्याच महिन्यात टेकडीवर कोणी तरी मोजणीच्या खुंट्या ठोकून गेलं. विचारलं तर सगळे म्हणतात, माहीत नाही. सभेत चुकून कोणाच्या तोंडून हौ निघाला तर आजही सगळ्या माना तिकडे वळतात.

मोठबाचा शेवट त्या सभेनंतर काही वर्षांनी, उन्हाळ्यातच झाला. खाणं सुटलं होतं. लेक तिगावकडून निघाली होती, पोचायची होती. बाबा वैद्याकडे गेलेले. दुपारी ओसरीवर तो, माय आणि मी. मी पाणी आणायला आत वळले. माय माझी वाट बघेल असं वाटलं, पण तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि सरळ त्याच्याशी बोलली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "टेकडी जाग्यावर हाये जी," ती म्हणाली. "झिऱ्याले पानी हाये. सुखानं जा आता."

"हौ," मोठबा म्हणाला.

किती वर्षांनी तो आवाज घरात आला होता. हलका, राजा रानात निघाल्यावर द्यायचा तसा. मी दारातच थांबले. मायला राहवलं नाही, जन्माची सवय. ती पुढे वाकली आणि म्हणाली, "कोनता?"

तो काही बोलला नाही. माय तशीच वाकून, त्याच्या तोंडाकडे बघत, उत्तराची वाट बघत बसली. लेक आली, तिनं बापाच्या अंगाला हात लावला आणि रडायला लागली, तेव्हा कुठे माय मागे सरकली.